स्पोर्ट्स कार उन्हाळ्यात तापते? काटा कुठे चढतो ते आधी बघा

मार्च संपत आला की हेच फोन सुरू होतात. गाडी वेगळी, मालक वेगळा, तक्रार तीच. आधी लक्षणं लिहितो, त्यातलं तुमचं कुठलं ते ओळखा.

– सिग्नलला किंवा टोलनाक्यावर उभं राहिलं की तापमानाचा काटा चढतो. रस्ता मोकळा मिळाला की थोड्या वेळात खाली येतो.
– याच्या बरोबर उलटं. गावात गाडी ठीक चालते, पण बोरघाट चढताना किंवा एक्सप्रेसवेवर सलग वेगात असताना काटा वर सरकत राहतो.
– चालत्या गाडीत एसी गारेगार, उभ्या गाडीत कोमट.
– गाडी लावली की गोडसर वास येतो. महिन्या-दोन महिन्यांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थोडं कमी झालेलं दिसतं, पण जमिनीवर डाग नाही.
– डॅशबोर्डवरचा कूलंटचा दिवा लुकलुकतो, किंवा लागतो आणि जातच नाही.
– ट्रॅफिकमध्ये मागून जळका वास येतो, गिअर झटका देऊन पडतो.

गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, ही तक्रारही येते. पंखा काही मिनिटांत थांबत असेल तर तो बिघाड नाही. इंजिनाच्या खोलीत साठलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो तसाच बनवलाय. अर्धा तास फिरून बॅटरी उतरवत असेल तर मात्र रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटलाय.

पहिली दोन लक्षणं नीट वाचा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. उभ्या गाडीत काटा चढत असेल तर हवा कमी पडतेय: पंखा, जाळी, कंडेन्सर (एसीचा रेडिएटर). धावत्या गाडीत चढत असेल तर हवा भरपूर आहे, पण कूलंट फिरत नाही किंवा पुरत नाही: पंप, थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की त्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), आतून बुजलेला रेडिएटर (कूलंटची उष्णता हवेत टाकणारी पेटी), किंवा याहून वाईट काहीतरी. गॅरेजमध्ये गाडी नेण्याआधी एवढं एक निरीक्षण करून गेलात तर तुमचे पैसे वाचतील.

मग उन्हाळ्यात गाडी काढायची की नाही?

काढा. ऊन एकटं या गाड्यांचं काही बिघडवत नाही. दुबई-अबूधाबीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको; तिथे पंचेचाळीस अंशांत याच गाड्या रोज रस्त्यावर असतात.

हिशेब साधा आहे. कूलंट ९५ अंशांवर आहे आणि बाहेर जानेवारीतल्या दुपारचे २५ अंश आहेत, तर दोघांत ७० अंशांचा फरक. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या जोरावर. मे महिन्यात बाहेर ४२ झाले की फरक उरतो ५३. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळपास पाव हिश्शाने घटली. शिवाय बंपरच्या उंचीवर, डांबराला लागून आणि पुढच्या बसच्या धुरात हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा बरीच गरम असते. कंपनीने हे सगळं धरून रेडिएटरमध्ये जास्तीची ताकद ठेवलेली असते. पण पालापाचोळ्याने बुजलेली जाळी, पंख्याचा वेग कमी ठेवणारा पण जळालेला रेझिस्टर, कूलंटच्या टाकीचं सैल झाकण हे सगळे मिळून तीच जास्तीची ताकद हळूहळू खातात. हिवाळ्यात कळत नाही. एप्रिलमध्ये सगळं एकदम बाहेर येतं आणि बिल उन्हाच्या नावावर फाटतं.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. या गाड्या बहुतेक रविवारी पहाटे निघतात, लोणावळ्याला नाश्ता करून ऊन चढायच्या आत परत. इंजिनाला बरंच, पण त्यामुळे पंख्याची परीक्षा वर्षभर होतच नाही. मग मे महिन्यात भाच्याचं लग्न निघतं, गाडी वरातीत जाते आणि भर दुपारी चालत्या माणसाच्या वेगाने बँडमागे तासभर सरकते. वर कोणीतरी पुढच्या दोन्ही जाळ्यांवर झेंडूच्या माळा ताणून बसवलेल्या असतात. रेसट्रॅकवर या गाडीला जेवढा त्रास होणार नाही तेवढा वरातीत होतो. वरातीला गाडी द्यायची असेल तर फुलं टपावर लावा, जाळीवर नाही.

खाली लिहिलंय ते मुख्यतः पोर्श बॉक्सस्टर (९८६, ९८७) आणि ९११ (९९६, ९९७) या गाड्यांबद्दल; कंसातले आकडे म्हणजे कंपनीने त्या त्या पिढीला दिलेले नंबर. माझ्याकडे सर्वांत जास्त येतात त्या याच. ९११ सन १९९८ पर्यंत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची होती, ९९६ पासून पाणी आलं. या सगळ्यांत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत. म्हणजे कूलंटला गाडीखालून लांबचा प्रवास करून जायचं आणि यायचं. फेरारी ३६० आणि एफ४३० मध्येही रेडिएटर पुढेच आहेत, त्यामुळे तपासणीचा क्रम तोच. या मांडणीची डोकेदुखी जुनी आहे. फेरारीच्या ५१२ बीबीमध्ये पुढच्या रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम नळ्यांनी बसायची जागाच तापायची. म्हणून १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर मागे, दोन्ही बाजूंना नेले. दारांवरच्या त्या प्रसिद्ध आडव्या पट्ट्या त्या हवेच्या वाटेवर आहेत.

तपासणी, फुकटापासून महागापर्यंत

कूलंटची पातळी. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. बॉक्सस्टरमध्ये टाकी मागच्या डिकीत आहे, ९११ मध्ये इंजिनाच्या झाकणाखाली. प्लास्टिक पिवळं पडलं की पातळी दिसत नाही, मागून टॉर्च मारा. बॉक्सस्टरवाल्यांनी टाकीजवळचा गालिचा उचलून हाताने चाचपावा. ओल किंवा चिकटपणा लागला तर टाकीला तडा गेलाय. या टाक्या वयानुसार तडकतात, त्यात नवल नाही. जमिनीवर डाग का नाही याचं उत्तर इथे मिळतं: गळलेलं कूलंट गालिचाने पिऊन टाकलं. वर लिहिलेला गोडसर वास तोच.

पातळी कमी निघाली तर भरा, पण तारीख लिहून ठेवा. कूलंटचं चक्र बंद असतं, ते पेट्रोलसारखं संपत नाही. दुसऱ्यांदा भरावं लागलं तर कुठेतरी गळतंय. ‘थोडं थोडं टाकत राहायचं’ हा उपाय नाही.

जाळ्या. माझ्या अनुभवात उभ्या गाडीत तापणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या इथेच सुटतात आणि खर्च मजुरीचा. बंपरच्या दोन तोंडांतून आत टॉर्च मारा. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे. दोघांच्या मधल्या फटीत कचरा जाऊन बसतो आणि बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं, हीच फसगत. आत काय काय निघतं: कडुलिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, गुटख्याच्या पुड्या, बांधकामाची माती, आणि एप्रिल-मेमध्ये सावरीचा कापूस. कापूस सर्वांत वाईट. तो कंडेन्सरच्या पत्र्यांवर थर धरतो आणि त्यावर धूळ बसली की हवा जवळजवळ बंद. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदराचं घरटंही सापडतं; तसं झालं तर वायरीही तपासा.

वरवरचा कचरा व्हॅक्यूमने ओढून घेता येतो. खरं काम बंपर उतरवून, कंडेन्सर रेडिएटरपासून सुटा करून होतं. हात बसलेल्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम आहे, वर्षातून एकदा, मार्चमध्ये करून घ्या. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरने पाणी मारू देऊ नका. पत्र्याच्या पाकळ्या ॲल्युमिनियमच्या आणि नाजूक असतात. जोराच्या पाण्याने त्या आडव्या होतात आणि कचरा निघण्याऐवजी आणखी आत ठासला जातो. हलकं पाणी, मागून पुढे.

बंपर उतरला आहे तर प्लास्टिकचे हवामार्ग बघून घ्या. आपल्या स्पीडब्रेकरवर नाक घासून खालचा पत्रा आणि हे मार्ग तुटतात, आणि ‘दिसत नाही ना, राहू दे’ म्हणून कोणी बसवत नाही. हवा नेहमी सोपी वाट धरते. मार्ग तुटला की ती रेडिएटरमधून न जाता बाजूने निघून जाते.

पंखे. इंजिन थंड असतानाच सुरू करा, एसी लावा, आणि दोन्ही कोपऱ्यांत आळीपाळीने कान लावा. दोन्ही पंखे हळू वेगात फिरायला हवेत. एकच फिरतोय किंवा एकही नाही, तर तुम्हाला बिघाड सापडला.

यात एक मेख आहे. या पंख्यांना दोन वेग असतात. हळू वेग एका रेझिस्टरमधून येतो आणि तो रेझिस्टर पुढेच, पाणी-चिखल उडतो त्या जागी बसवलेला असल्याने सडतो. तो गेला की हळू वेग बंद, पण इंजिन खूप तापल्यावर जोराचा वेग मात्र लागतो. मालक म्हणतो, ‘पंखा चालतो की, मी आवाज ऐकलाय.’ चालतो, पण फार उशिरा. रोज तेवढं तापून मग थंड होण्यात प्लास्टिकची टाकी, नळ्या, जोड सगळं लवकर म्हातारं होतं. उभ्या गाडीत एसी कोमट होणं हे याच रेझिस्टरचं लक्षण, कारण कंडेन्सरलाही वारा मिळत नाही. एसीत गॅस भरून घेण्याआधी पंखा बघा. गॅस भरायला पैसे घेणारे खूप, पंखा बघणारे कमी.

पंखा अजिबात फिरत नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा शेजारचा रिले काढून तिथे लावून बघा. त्यानंतरही नाही फिरला तर मोटर किंवा वायरिंग, आणि तिथे मीटर हातात धरता येणारा माणूस हवा.

कूलंटच्या टाकीचं झाकण. काही शे ते दोन-चार हजारांची वस्तू, पण हिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्याच्या उंचीवर त्याच्याही थोडं आधी. कूलंट मिसळलं की हा आकडा सात-आठ अंशांनी वाढतो. उरलेलं काम झाकण करतं: ते आत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळे कूलंट सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कुकरची शिट्टी सैल असली की डाळ शिजत नाही तसंच, झाकणाची सील गेली की दाब टिकत नाही आणि एरवी सहज चाललं असतं त्या तापमानाला कूलंट उकळून बाहेर पडतं. पोर्शने या गाड्यांचं झाकण पुन्हा पुन्हा सुधारलं. पार्ट नंबरच्या शेवटी ०४ असलेलं झाकण घ्या. जुनं झाकण ‘दिसायला ठीक’ आहे यावर विश्वास ठेवू नका.

आणि गरम इंजिनावर झाकण उघडू नका. फडकं धरूनही नाही. दाबाखालचं कूलंट उघडताक्षणी उकळून तोंडावर येतं.

काट्याऐवजी आकडा. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत चालकाला घाबरवू नये म्हणून मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. खरं तापमान दहा-पंधरा अंश वर-खाली झालं तरी तो जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) साधं ब्लूटूथ उपकरण हजार-दोन हजारांत मिळतं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि फोनवर खरा आकडा बघा. माझे ठोकताळे: मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९५, भर उन्हात ट्रॅफिकमध्ये १०० ते १०५ यात चिंता नाही. ११० दिसला की एसी बंद आणि कारण शोधायला लागा. ११५ ला गाडी बाजूला.

हेच उपकरण निदानाला कामी येतं. उभ्या गाडीत आकडा १०० च्या पुढे जाऊन एकदम पंखा लागतो आणि खाली येतो, तर हळू वेग गेलाय. पन्नासच्या वेगात ९०, शंभरच्या वेगात १०५, तर पंप किंवा रेडिएटरकडे बघा.

कूलंटचं वय, मिश्रण आणि हवा. इथून पुढे हात काळे होतात. मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून थर धरतात आणि तो रेडिएटर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. रंग बघूनही कूलंट मिसळू नका. वेगवेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर आत गाळ धरू शकतो. रस्त्यात अडकलात तर पिण्याच्या पाण्याची बाटली ओता, काही बिघडत नाही, पण नंतर सगळं काढून नवं भरा.

या गाड्यांत वीस लिटरच्या आसपास कूलंट लागतं आणि ते पुढून मागे फिरतं, त्यामुळे कुठलंही काम केलं की हवा अडकते. जिथे हवा तिथे कूलंट नाही, आणि हवेचा बुडबुडा सेन्सरजवळ आला की काटा एकदम उडी मारतो. ‘टाकी बदलली, तेव्हापासून जास्त तापते’ अशी गाडी आली तर मी आधी हवा काढतो. टाकीवर झाकणाजवळ तारेची कडी असलेला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो उचलून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढता येते, पण त्याला वेळ आणि संयम लागतो. व्हॅक्यूमने भरणारं यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे हे काम द्या. गॅरेज निवडताना तेवढं विचारा. उत्तरावरून बाकीचाही अंदाज येतो.

पट्टा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप. पट्ट्यावर आडव्या भेगा दिसल्या तर बदला. वॉटर पंप, अल्टरनेटर सगळं त्या एका पट्ट्यावर आहे. थर्मोस्टॅट अर्धवट उघडून अडकतो. मग गावात चालतं, घाटात तापतं. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅटही बाजारात मिळतो आणि मला तो आपल्या हवेत आवडतो. पण तो बिघाडावरचा उपाय नव्हे. पंखा बंद असताना तो बसवला तर काटा थोडा उशिरा चढेल, एवढंच.

पंप मात्र गंभीर. याची आतली चकती प्लास्टिकची असते. तिची पाती तुटली की कूलंट फिरणं कमी होतं आणि तुकडे इंजिनाच्या नळ्यांत जाऊन बसतात. मग प्रश्न पंपापुरता राहत नाही. पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे पांढरट ओघळ, इंजिन फिरताना गुरगुर, पुलीला हाताने हलवल्यावर खेळ, यातलं एक जरी दिसलं तरी पंप बदला. चार-पाच वर्षं झाली असतील तर काही दिसत नसतानाही बदला, आणि जुना पंप हातात घेऊन पाती मोजा. एखादं पातं नसेल तर ते कुठे गेलं हे शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका.

९९६ आणि ९९७ च्या टर्बो (९९७ टर्बो फक्त २००९ पर्यंतची) आणि जीटी३ वाल्यांसाठी वेगळी सूचना. त्यांच्या इंजिनात कूलंटच्या काही नळ्या धातूत डिंकाने चिकटवलेल्या आहेत. वर्षानुवर्षं तापून डिंक सुटतो आणि नळी निघून आली की सगळं कूलंट काही सेकंदांत रस्त्यावर, शक्यतो मागच्या टायरखाली. त्या नळ्या वेल्ड करून किंवा पिन मारून पक्क्या करून घेतल्या आहेत का, हे गाडीच्या कागदपत्रांत बघा. नसतील तर गाडी वेगात चालवण्याआधी ते काम करा. इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून क्लचच्या कामाबरोबर केलं तर परवडतं.

कूलंटशी संबंध नाही, पण उन्हात त्रास देतात

ऑटोमॅटिक क्लचच्या, म्हणजे फेरारीचा ‘एफ१’ किंवा लॅम्बोर्गिनीचा ‘ई-गिअर’ गिअरबॉक्स असलेल्या जुन्या गाड्यांत आत साधी क्लच प्लेटच आहे, फक्त ती पायाने न दाबता पंप दाबतो. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकलात की प्लेट घसरत राहते, तापते, जळते. वरचं शेवटचं लक्षण ते. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत न्यूट्रलमध्ये थांबा, मग एकदाच पुढे घ्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा.

टायर. समृद्धीवर नागपूरला जाणाऱ्यांनी हे वाचाच. हवा थंड टायरमध्ये, सकाळी, सावलीत तपासायची. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि हे कंपनीने धरलेलंच असतं. वाटेत पंपावर दाब जास्त दिसला म्हणून हवा काढलीत तर थंड टायर कमी दाबावर येतो, कडा जास्त वाकतात, टायर आणखी तापतो. फुटतो तो असा. नायट्रोजन भरला तरी हा हिशेब बदलत नाही. टायरवरचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर कडक होतं. सहा वर्षांच्या पुढचा टायर १२० च्या वेगाने तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास चालवायचा नाही, नक्षी कितीही शिल्लक असो.

पेट्रोलच्या नळ्या. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचं रबर ते डोळ्यांसमोर ठेवून केलेलं नाही. नळी दाबून बघा. भेगा, चिकटपणा किंवा फुगवटा दिसला तर बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर चावी फिरवायचीच नाही. आग हा विषय नव्या गाडीतही हलक्यात घेण्यासारखा नाही. २०१० मध्ये फेरारीला ४५८ इटालियाच्या १,२४८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण मागच्या चाकाजवळच्या उष्णतारोधक पत्र्याचा डिंक तापून पेट घेऊ शकत होता. डिंकाऐवजी रिव्हेट मारून तो प्रश्न सुटला.

थांबायची जागाही बघा. या गाड्यांचा सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जमिनीपासून वीतभरावर आणि भयंकर तापलेला. घाटात फोटोसाठी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. घरी आल्यावर लगेच कव्हर घालू नका, इंजिनाचं झाकण अर्धा तास उघडं ठेवा.

रस्त्यात काटा चढलाच तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात, काचा खाली. चाळीस अंशांत हे ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर का होईना बाहेर काढतो. रस्ता मोकळा असेल, वाफ-गळती नसेल आणि आकडा ११५ च्या खाली असेल तर वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने चालत राहा. थांबण्यापेक्षा चालणं बरं.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं की नाही यावर वाद असतो. वाफ नाही, गळती नाही, फक्त आकडा जास्त आहे आणि पंखे चालू आहेत, तर एक-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. वाफ दिसली, कूलंट सांडलं किंवा स्थिर लाल दिवा लागला तर त्याच क्षणी बंद. कूलंट पूर्ण गेलं असेल तर काटा उलट खाली येऊ शकतो, कारण सेन्सर आता पाण्यात नाही, हवेत आहे. आत्ताच चढलेला काटा काही न करता पडला तर सुटकेचा नि:श्वास सोडू नका, गाडी थांबवा.

हात थांबवायची वेळ

यातलं काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका आणि ‘घरापर्यंत नेऊ’ हा विचार सोडा:

ऑइलच्या झाकणाखाली किंवा कूलंटच्या टाकीत पिवळसर-दुधी फेस. इंजिन थंड असताना सुरू करताक्षणी टाकीत सतत बुडबुडे. मागून पांढरा धूर, जो गाडी गरम झाल्यावरही जात नाही. कूलंट कमी होतंय आणि गळती कुठेच नाही. एकदा १२० च्या पुढे गेलेलं आणि त्यानंतर इंजिनाचा आवाज किंवा ताकद बदललेली. पंपाची हरवलेली पाती.

यात फाटलेलं हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, यांमधली सील) किंवा तडकलेलं हेड असू शकतं. पण ऑइल-कूलंट मिसळलं म्हणजे हेड गेलंच असं कोणी म्हणालं तर थांबवा. या इंजिनांवर ऑइल थंड करणारा छोटा कूलर वर बसवलेला असतो, तो आतून फुटला तरी हेच दिसतं आणि त्याचा खर्च हेडच्या मानाने किरकोळ. आधी कूलरची प्रेशर टेस्ट, मग कूलंटच्या टाकीत इंजिनाचा वायू येतोय का ती रासायनिक तपासणी, मग सिलिंडरची लीक टेस्ट. या तिन्ही चाचण्यांचे निकाल लेखी दाखवल्याशिवाय इंजिन उघडायला परवानगी देऊ नका.

गाडी न्यायला फ्लॅटबेडच बोलवा आणि फोनवरच सांगा की गाडी खाली आहे, लाकडी फळ्या हव्यात. नाहीतर पुढचा बंपर रॅम्पवरच जातो. पुढे अडकवायची कडी टूलकिटमध्ये असते, बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवा. बऱ्याचदा ती उलट्या आट्यांची असते, तेव्हा आधी डावीकडे फिरवून बघा. चाकं बांधायची, खालचा सस्पेन्शनचा हात नाही. आणि ओढून नेणाऱ्याने ‘साहेब, जरा स्टार्ट करून वर घ्या’ म्हटलं तरी चावी खिशात ठेवा, विंचनेच वर घ्यायला लावा.